ट्रेलरच्या पोटाखालची देखभाल, घरच्या घरी

(आमच्याकडून ट्रॅव्हल ट्रेलर घेतलेल्या किंवा दुरुस्तीला आणणाऱ्या इंदूरच्या सगळ्या मंडळींसाठी)

पावसाळा संपत आला की वर्कशॉपला फोन सुरू होतात आणि बहुतेकांचं म्हणणं एकच असतं, "खालून काळं कोटिंग मारून द्या, म्हणजे काळजी मिटली." मारून देऊ की, पण आधी एवढं वाचा, कारण चिखलावर आणि गंजावर मारलेलं कोटिंग न मारण्यापेक्षा वाईट असतं. वरून सगळं काळंभोर चकाचक दिसतं, आत ओल कोंडून राहते आणि लोखंड खात बसते, आणि कळतं तेव्हा चॅसीच्या (खालच्या लोखंडी सांगाड्याच्या) चॅनेलला बोट जाईल एवढं भोक पडलेलं असतं. धुणं, वाळवणं आणि नीट बघणं, ही तीन कामं कोटिंगच्या आधीची, आणि ती तुम्ही घरी करू शकता. त्यासाठी आमच्याकडे पैसे घालवायची गरज नाही, हे आम्ही मनापासून सांगतोय.

आधी जीव सांभाळा. नुसत्या जॅकवर उचललेल्या ट्रेलरखाली कधीच, अगदी दोन मिनिटांसाठीसुद्धा, जायचं नाही. ट्रेलर गाडीला जोडलेला ठेवा, गाडीचा हँडब्रेक ओढा, जी चाकं उचलायची नाहीत त्यांना पुढून-मागून लाकडाचे ठोकळे लावा, जॅक अॅक्सलच्या (दोन चाकांना जोडणाऱ्या दांड्याच्या) मधोमध न लावता कमानीजवळ (पात्यांच्या स्प्रिंगजवळ) चॅसीला लावा (अॅक्सलच्या मधे लावला तर तो वाकतो) आणि मग दोन्हीकडे घोडी (लोखंडी स्टँड) लावून वजन घोडीवर घ्या. कोपऱ्यातले चार पाय असतात ना, ते ट्रेलर उभा असताना हलू नये म्हणून दिलेत, त्यांच्यावर ट्रेलर उचलायचा नाही. आणि आपली माळव्याची काळी माती पावसात लोण्यासारखी होते, घोडी एका बाजूने खचते आणि कळतही नाही, म्हणून कच्च्या जागेत प्रत्येक घोडीखाली जाड फळी हवीच, जमलं तर फरशीवर किंवा काँक्रीटवरच काम करा. खाली शिरायच्या आधी ट्रेलरला बाहेरून जोरात हलवून बघा. डोळ्याला गॉगल लावा, आणि घरातलं कोणीतरी हाकेच्या अंतरावर असू द्या.

आता धुणं. काळी माती चॅसीच्या कोपऱ्यांत, कमानीच्या मागे, टाकीच्या पट्ट्यांवर जाऊन बसते आणि वरून वाळलेली दिसली तरी आतून कित्येक दिवस ओली असते, गंज तिथेच सुरू होतो. साधा पाण्याचा पाइप आणि ब्रश पुरतो. प्रेशर वॉशर असेल तर हबच्या (चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागाच्या) मागचं सील, वायरचे जोड आणि खालच्या प्लास्टिक शीटचे सांधे यांच्यावर धार मारू नका, पाणी आत घुसतं. कोकणात देवाला आणि समुद्रावर जाऊन आलेल्यांनी तर घरी पोचायची वाट न बघता परतीच्या वाटेवरच कुठेतरी गोड्या पाण्याने खालून धुवून घ्यावं, मीठ एकदा सांध्यात बसलं की लोखंडाला सोडत नाही. बॉक्स पाइपच्या चॅसीला खालून बारीक भोकं दिलेली असतात, ती पाणी निघून जायला आहेत, तारेने साफ करा आणि कोटिंगने कधीच बुजवू नका.

धुतल्यावर दोन-तीन दिवस चांगलं ऊन लागू द्या आणि मग बॅटरी घेऊन शांतपणे बघा. आम्ही स्वतः सगळ्यात जास्त वेळ इथे घालवतो. कमानी जिथे चॅसीला अडकते तिथल्या ब्रॅकेटच्या वेल्डिंगवर बोट फिरवा. तडा गेला असेल तर रंगावर केसाएवढी बारीक रेघ दिसते आणि त्या रेघेतून खाली तपकिरी ओघळ आलेला असतो, रेघ दिसली नाही तरी ओघळ दिसतोच. मग कमानीची पाती बघा, मधल्या बोल्टच्या आसपास एखादं पातं तुटलेलं नाही ना. यू-बोल्टच्या (कमानी आवळून धरणाऱ्या बोल्टच्या) शेजारी चमकणारी घासलेली पट्टी दिसली तर समजा बोल्ट ढिले झालेत आणि कमानी सरकतेय. चॅसीवर रंगाचा फुगा आला असेल तिथे छोट्या हातोडीने टकटक करा, चांगलं लोखंड टणटणीत वाजतं, सडलेलं बसक्या आवाजात बोलतं, आणि शंका असेल तर स्क्रूड्रायव्हरने दाबून बघा. ट्रेलर नवा असतानाच खालचे फोटो मोबाइलमध्ये काढून ठेवले असतील तर फारच बरं, दर वर्षी त्याच जागेचा फोटो काढला की फरक आपोआप कळतो.

वरवरचा गंज असेल तर वायर ब्रशने आणि पॉलिश पेपरने घासून लोखंड चमकेपर्यंत आणा, खोल खड्ड्यांत उरलेल्या गंजावर रस्ट कन्व्हर्टर (गंजावर लावायचं रसायन) लावा, मग रेड ऑक्साइड किंवा झिंक प्रायमरचे दोन हात, आणि ते पूर्ण वाळल्यावर कोटिंग. हे काम दसऱ्यानंतर होळीपर्यंत कधीही करा, जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत अजिबात नको. ब्रेकचे ड्रम, टायर, ग्रीसचे निप्पल, केबल आणि गॅसचा पाइप यांच्यावर कोटिंग उडणार नाही असं आधी झाकून घ्या. कमानीच्या पात्यांवर पण नको, त्यांना एकमेकांवर सरकायचं असतं.

बेअरिंगचं काम थोडं नाजूक आहे पण ज्यांना पाना धरायची सवय आहे त्यांना जमतं. वर्षातून एकदा, किंवा २० हजार किलोमीटरला, जे आधी येईल तेव्हा. बेअरिंग काढून रॉकेलमध्ये धुवा, हवेच्या पाइपने गरगर फिरवू नका, रोलर निळसर पडले असतील किंवा खड्डे दिसत असतील तर बेअरिंग आणि त्याची बाहेरची रिंग दोन्ही एकदमच बदला. ग्रीस लिथियम कॉम्प्लेक्स, २ नंबर ग्रेडचं घ्या. वेगळ्या जातीचं ग्रीस जुन्यात मिसळू नका, दोन्ही पातळ होऊन वाहून जाऊ शकतात. तळहातावर ग्रीसचा गोळा घेऊन बेअरिंगची रुंद बाजू त्यावर दाबत राहा, रोलरच्या मधून दुसऱ्या बाजूला ग्रीस वर यायला लागलं की भरलं. बसवताना सील नवं, स्प्लिट पिन नवी. चाक फिरवत नट घट्ट करा, मग सैल करा, मग फक्त बोटांनी फिरेल तेवढा लावा आणि पिन घाला. ज्यांच्या हबला निप्पल आहे त्यांनी ग्रीस गन भराभर मारत बसू नये, मागचं सील फाटून सगळं ग्रीस ब्रेकच्या लायनरवर जातं.

चाक काढून लावलं असेल तर नट समोरासमोरचे आळीपाळीने टॉर्क रेंचने (ठरलेल्या जोरानेच आवळायच्या पान्याने) आवळा, जोराचा आकडा ट्रेलरच्या कागदांत आहे, आणि पहिल्या प्रवासात पुन्हा तपासा. महेश्वरकडे निघालात तर मानपूरला चहाला थांबता तेव्हाच नट बघून घ्या आणि प्रत्येक हबजवळ हाताची मागची बाजू नेऊन बघा. घाट उतरायच्या आधी बघायचं, कारण घाटात ब्रेक लागून ड्रम तापतातच आणि मग काही कळत नाही. कोमट असेल तर ठीक, एकच हब बाकीच्यांपेक्षा खूप गरम लागला तर पुढे जाऊ नका.

उंदरांचं सांगायलाच हवं. पावसात ते कोरडी जागा शोधत येतात आणि वायर कुरतडतात. पाइप आणि वायर जिथून वर जातात त्या फटीत भांडी घासायची स्टीलची घासणी कोंबा आणि मग वरून फोम मारा, नुसता फोम ते आरामात खातात. पण गॅसच्या कप्प्याच्या तळाशी जे भोक आहे ते बुजवू नका! स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर तिथूनच खाली निघून जातो, ते बंद केलं तर आत साठेल. धूळ येते म्हणून लोक ते चिकटपट्टीने बंद करतात आणि आम्हाला ते बघून खरंच भीती वाटते. बारीक तारेची जाळी लावा, बस. गॅसच्या जोडांवर साबणाचं पाणी लावून बुडबुडे येतात का बघा, काडी पेटवून तपासू नका, आणि रबरी नळी ५ वर्षांनी बदलाच.

खालची प्लास्टिक शीट कुठे पोट आल्यासारखी लोंबत असेल तर आत पाणी साठलंय. सगळ्यात खालच्या जागी छोटं भोक पाडून पाणी काढा आणि गळती वरून कुठून होतेय ते आधी शोधा, शीट नंतर चिकटवा. लाइट मंद लागत असतील तर बल्ब बदलायच्या आधी अर्थिंगचा बोल्ट सोडून खालचं लोखंड घासा, बहुतेक वेळा तेवढ्यानेच काम होतं.

तडा गेलेलं ब्रॅकेट, वाकलेला अॅक्सल, ब्रेकचे लायनर, आणि गॅसची पक्की लाइन, एवढं मात्र घरी करू नका. अॅक्सलला तर शेजारच्या वेल्डरकडून टाका मारून घेऊच नका, उष्णतेने तो वाकतो आणि टायर एका बाजूने खायला लागतात. अशा कामासाठी आणताना खालचे फोटो आधी व्हॉट्सअॅपवर पाठवा, म्हणजे सामान आणून ठेवता येतं, आणि पाण्याच्या टाक्या रिकाम्या करून या, १०० लिटरची टाकी भरलेली असली की १०० किलो वजन डोक्यावर घेऊन आमच्या पोरांना खाली झोपावं लागतं.