किलपेकचं चर्च

किलपेक हे इंग्लंडमधल्या हेरफर्डशायरचं एक छोटंसं खेडं, वेल्सच्या सीमेजवळ, आणि इथलं सेंट मेरी अँड सेंट डेव्हिड चर्च साधारण 1140 च्या सुमारास बांधलेलं आहे. 1086 च्या डूम्सडे बुकमध्येही, म्हणजे इंग्लंडच्या राजानं करवून घेतलेल्या जमिनींच्या नोंदवहीतही, गावाची नोंद आहे. चर्चला लागूनच नॉर्मन, म्हणजे फ्रान्सहून येऊन इंग्लंड जिंकलेल्या लोकांच्या, किल्ल्याची मातीची टेकडी आहे, वर आता थोड्याच भिंती उरल्यात. किल्ल्याचा मालक ह्यू यानं 1134 मध्ये इथलं त्या वेळचं चर्च ग्लॉस्टरच्या मठाला देऊन टाकलं होतं.

इमारत तशी लहानच. लोक उभे राहायचे तो नेव्ह, पुढे पाद्र्यांचा चान्सेल आणि शेवटी अर्धगोल भाग, म्हणजे अ‍ॅप्स, बस. टॉवर नाही. पण दक्षिणेच्या दरवाज्यापाशी आलात की तिथून हलावंसं वाटत नाही, कमानीत वेलीसारखं झाड कोरलंय, एका बाजूच्या खांबावर वेलींत गुरफटलेले दोन योद्धे, दुसऱ्या बाजूला तोंडातून पानं फुटलेला ग्रीन मॅन, आणि कडेनं ड्रॅगन नि साप एकमेकांत गुंतलेले. ही सगळी हेरफर्डशायर स्कूल म्हणून ओळखल्या जाणाऱ्या कारागिरांची कामं, त्यांची नावं मात्र कुठे नोंदलेली नाहीत.

छताखाली भिंतीभर छोटे कोरीव दगड आहेत, त्यांना कॉर्बेल म्हणतात, 85 शिल्लक आहेत. कुत्रा आणि ससा शेजारी शेजारी, वाद्य वाजवणारा माणूस, मेंढा, काहीकाही प्राणी तर ओळखूच येत नाहीत. सगळ्यात प्रसिद्ध शीला ना गिग, म्हणजे दोन्ही हातांनी स्वतःची योनी उघडून दाखवणारी बाई. कुणी तिला वासनेविरुद्धचा इशारा मानतं, कुणी सुफलतेचं प्रतीक, कुणी म्हणतं वाईट शक्तींना पळवण्यासाठी, अभ्यासकांचं अजून एकमत नाही. बरेच पर्यटक फक्त तिचाच फोटो काढून जातात, हे मला खटकतं, कारण खरी कमाल दरवाज्याची आहे.

याच कारागिरांच्या परंपरेतलं हेरफर्डशायरमधल्याच शॉबडन गावचं चर्च अठराव्या शतकात पाडलं, त्याच्या कमानी टेकडीवर उघड्यावर उभ्या केल्या आणि पावसानं त्यांवरचं कोरीवकाम बरंचसं झिजून गेलं. किलपेकचा लाल वालुकाश्म मात्र मूळ जागीच राहिला, आणि जवळजवळ 900 वर्षांनंतरही त्यावरची बारीक रेघ न् रेघ दिसते. 1840 च्या दशकात डागडुजी झाली, आणि आजही हे गावचं चालू चर्च आहे.