ग्दान्स्कचा उपसागर: बर्फ गेला, किनारा घडत राहिला

युरोपच्या उत्तर भागावर बर्फाची चादर शेवटची पसरली, त्या काळाला भूशास्त्रज्ञांनी एका नदीचं नाव दिलं आहे. जर्मन लोक तिला वाइक्सेल म्हणतात, पोलिश लोक विस्वा, आणि आपल्या नकाशांत ती विस्तुला असते. सुमारे 1,15,000 वर्षांपूर्वी सुरू झालेलं आणि 11,700 वर्षांपूर्वी संपलेलं ते ‘वाइक्सेल हिमयुग’. ही नदी पोलंडच्या दक्षिणेकडल्या डोंगरांतून निघते, 1,047 किलोमीटर वाहते आणि बाल्टिक समुद्राला मिळते. जिथे मिळते, तो ग्दान्स्कचा उपसागर.

या उपसागराबद्दल जे काही वाचायला मिळतं ते बहुतेक इतिहासाचं असतं. दुसऱ्या महायुद्धाची पहिली तोफ, गोदी कामगारांचा लढा, जुनी व्यापारी शहरं. ते सगळं महत्त्वाचं आहेच. पण या किनाऱ्यावर बंदर कुठे झालं, गाव कुठे वसलं, लढाई कुठे झाली हे पाहत गेलं की प्रत्येक वेळी पाय बर्फापाशीच येऊन थांबतात. म्हणून ही पार्श्वभूमी तिथूनच.

नकाशा उघडून पाहा. पश्चिमेला पोलंडचं रोझेव्हिए टोक, पूर्वेला रशियाच्या कालिनिनग्राद प्रांतातला सांबिया द्वीपकल्पाचा कोपरा. या दोन टोकांमध्ये समुद्र दक्षिणेकडे आत शिरलेला दिसतो. मध्यभागी पाणी 118 मीटरपर्यंत खोल आहे. पश्चिमेच्या बाजूने मात्र वाळूची एक लांबच लांब पट्टी समुद्रात घुसली आहे, सुमारे 35 किलोमीटर लांब. तिचं नाव हेल. तिच्या पोटात सापडलेला पाण्याचा तुकडा म्हणजे पुत्स्कचा उपसागर, आणि त्याचाही आतला कोपरा इतका उथळ की आपण त्याला खाजणच म्हणू. मालवणजवळच्या देवबागला गेलेल्यांना अशी जागा चटकन डोळ्यांसमोर येईल: एका हाताला समुद्र, दुसऱ्या हाताला कर्ली नदीची खाडी, मध्ये चिंचोळी जमीन. हेल हे त्याच जातीचं रूप आहे, फक्त कितीतरी पट लांब.

सुमारे 20,000 वर्षांपूर्वी इथे समुद्र नव्हताच. स्कँडिनेव्हियातून निघालेला बर्फ आजचा बाल्टिक ओलांडून पोलंडमध्ये पार पोझ्नानच्या पलीकडे जाऊन थांबला होता. स्कँडिनेव्हियावर त्याची जाडी दोन-तीन किलोमीटर असावी. एवढं पाणी बर्फात अडकल्यामुळे जगभरचा समुद्र आजच्यापेक्षा जवळजवळ 120 मीटर खाली गेला होता. मग हवा हळूहळू उबदार होऊ लागली आणि बर्फ मागे हटू लागला. हटणंही एका दमात नव्हतं. मध्येच थांबायचा, थोडा पुढे यायचा, पुन्हा मागे. जिथे जिथे तो रेंगाळला तिथे सोबत आणलेली माती, वाळू आणि धोंडे टाकून गेला. भूगोलाच्या पुस्तकात आपण त्याला हिमोढ म्हणतो. आणि वितळलेलं पाणी वाट मिळेल तिकडून धावलं, त्यानेही या मातीच्या पठारात रुंद, सपाट तळाच्या दऱ्या कोरल्या.

उपसागराच्या पश्चिम काठावर हे आजही जसंच्या तसं दिसतं. समुद्राला चिकटून मातीची उंच पठारं सुटी सुटी उभी आहेत. तिथले लोक त्यांना ‘केंपा’ म्हणतात, म्हणजे बेटासारखा उंचवटा. दोन केंपांच्या मध्ये वितळपाण्याची सखल दरी. एक उंचवटा, एक दरी, पुन्हा उंचवटा. हा क्रम लक्षात ठेवावा, पुढे लागणार आहे.

ग्दिनिया शहराच्या दक्षिणेला ओर्वोवो नावाच्या भागात असा एक केंपा थेट समुद्रात तुटला आहे. कडा खडकाचा नाही. करड्या चिकणमातीत गोटे खोचलेले, जणू कणकेत शेंगदाणे. लाटा पायथा खातात, वरची माती घसरते, झाडं मुळांसकट खाली येतात. खालच्या पुळणीवर माती धुऊन जाते आणि दगड तेवढे उरतात. त्यांतला एखादा गुलाबी-तांबूस दगड पाण्यात बुडवून पाहिला तर त्यात गोल गोल डाग दिसू शकतात, प्रत्येकाभोवती फिकट हिरवट कडं. हा रापाकिवी ग्रॅनाइट. तो पोलंडच्या जमिनीचा नव्हे. त्याचा मूळ खडक फिनलंडकडे, आलांद बेटांवर आहे. समुद्रापलीकडून तो इथे चालत आला नाही, बर्फाने आणला.

आज हे सहज म्हणता येतं, पण या परक्या दगडांनी विद्वानांना शंभर वर्षं छळलं. कोणी म्हणे हा महापुराचा गाळ, कोणी म्हणे तरंगत्या हिमनगांनी नेलेलं ओझं. स्विस शास्त्रज्ञ लुई अगासी यांनी 1837मध्ये हिमयुगाची कल्पना जोरात मांडली, तरी उत्तर जर्मनी आणि पोलंडच्या सपाट मुलखावर कधी बर्फ पसरला असेल हे बहुतेकांना पटत नव्हतं. आल्प्सच्या दरीत हिमनदी ठीक, पण मैदानावर? 3 नोव्हेंबर 1875 रोजी स्वीडिश भूशास्त्रज्ञ ओटो टोरेल यांनी बर्लिनजवळच्या र्‍युडर्सडॉर्फ इथल्या चुनखडीच्या खाणीत खडकावरचे समांतर ओरखडे दाखवले. बर्फाच्या तळाशी अडकलेल्या दगडांनी घासत नेताना काढलेले ते ओरखडे होते. त्या दिवसानंतर तरंगत्या हिमनगांचा सिद्धान्त टिकू शकला नाही. मला या विषयातला हा सगळ्यात सुंदर प्रसंग वाटतो: वाद खडकावरच्या चार रेघांनी सोडवला.

बर्फ गेला म्हणजे लगेच समुद्र आला, असंही झालं नाही. बाल्टिकने मध्ये चार रूपं बदलली. आधी बर्फाच्या कडेला वितळपाण्याचं अवाढव्य सरोवर साठलं. साधारण 11,700 वर्षांपूर्वी मध्य स्वीडनमध्ये बर्फाने वाट मोकळी केली आणि त्या सरोवराची पातळी सुमारे 25 मीटरने उतरली. पाणी महासागरात गेलं. मग काही शतकं खारं पाणी आत आलं. त्या समुद्राला योल्डिया या थंड पाण्यातल्या शिंपल्याचं नाव मिळालं. पुढे बर्फाच्या ओझ्यातून सुटलेली स्वीडनची जमीन वर उचलली गेली, दार बंद झालं, पुन्हा गोडं सरोवर. याचं नाव गोड्या पाण्यातल्या अँसिलस या गोगलगायीवरून. शेवटी डेन्मार्कच्या सामुद्रधुन्यांतून महासागराने प्रवेश केला आणि लिटोरिना समुद्र तयार झाला, तेही नाव गोगलगायीचंच. शास्त्रज्ञांनी समुद्रांची नावं शिंपल्या-गोगलगायींवरून ठेवली, कारण गाळात पुरावा त्यांचाच सापडतो.

या उलथापालथीत ग्दान्स्कच्या बाजूचा किनारा बराच काळ आजच्यापेक्षा खूप बाहेर होता. पुत्स्कच्या खाजणाच्या तळाशी आज पीट सापडतं, म्हणजे दलदलीत कुजून दबलेल्या वनस्पतींचा थर. जिथे आता पोरं पाण्यात शिडाच्या फळ्या चालवतात तिथे एकेकाळी दलदल होती. लिटोरिना समुद्र चढत आला तसा, 8,000 ते 7,000 वर्षांपूर्वीच्या सुमारास, हा सखल भाग पाण्याखाली जाऊ लागला. आपल्या सह्याद्रीचा काळा दगड साडेसहा कोटी वर्षांचा. त्याच्याशेजारी ठेवलं तर हा उपसागर कालचं पोर आहे.

जमीन उचलली जाते हे कळायलाही वेळ लागला. तापमापकामुळे आपल्याला ठाऊक असलेले अँडर्स सेल्सिअस यांनी 1731मध्ये स्वीडनच्या किनाऱ्यावर एका खडकावर पाण्याच्या पातळीची खूण कोरून घेतली. पाणी खाली जातंय हे त्यांनी मोजलं, पण त्यांना वाटलं समुद्रच आटतोय. जमीन बर्फाच्या भाराने दबली होती आणि आता वर येतेय, हा विचार स्कॉटलंडचे भूशास्त्रज्ञ थॉमस जेमिसन यांनी 1865मध्ये मांडला. स्वीडनच्या उत्तर किनाऱ्यावर ती अजूनही वर्षाला 8 ते 10 मिलिमीटर वर येते आहे. ग्दान्स्ककडे हा उठाव नाही, उलट पाणीच सावकाश चढतंय. एकाच समुद्राच्या वरच्या काठाला बंदरं कोरडी पडतात आणि खालच्या काठाला वाळू वाहून जाते.

हेलची पट्टी बर्फाने थेट बनवलेली नाही, पण तिची वाळू बर्फानेच आणलेली. पश्चिमेचे वारे लाटांना तिरपे किनाऱ्यावर आणतात, लाटा हिमोढाचे कडे झिजवतात आणि सुटलेली वाळू पूर्वेकडे ढकलत नेतात. किनारा जिथे एकदम दक्षिणेला वळतो तिथे वाळू मात्र सरळ पुढे जात राहिली आणि पाण्यात दांडा वाढत गेला. मुळाशी तो काही ठिकाणी जेमतेम 200 मीटर रुंद आहे, टोकाशी सुमारे 3 किलोमीटर. सतराव्या शतकातल्या काही नकाशांत तो सलग नसून बेटांची माळ म्हणून काढलेला आहे. वादळात समुद्र दांडा फोडून पलीकडे जायचा. 1938मध्ये मुळाशी व्वादिस्वावोवो इथे मासेमारी बंदर झालं, त्याच्या धक्क्याने वाळूची वाट अडवली आणि पलीकडचा भाग जास्तच झिजू लागला. 1989पासून तिथे समुद्रातून आणि खाजणातून वाळू उपसून किनाऱ्यावर टाकतात. निसर्ग फुकट करायचा ते काम आता पंप करतात.

खाजण आणि बाहेरचा उपसागर यांच्यामध्ये पाण्याखाली आणखी एक वाळूचा बांध आहे. दर उन्हाळ्यात हेलवरच्या कुझनित्सा गावातून लोक जथ्याने निघतात आणि उपसागर पायी ओलांडून समोरच्या रेव्हा गावाला पोचतात. या चालण्याला ‘हेरिंग माशाची पदयात्रा’ म्हणतात. बराच वेळ पाणी गुडघ्या-मांडीपर्यंत, मध्ये एका खोल वाटेपाशी पोहावं लागतं. भरती-ओहोटीची भीती नसते, कारण बाल्टिकला भरती जाणवण्याइतकी येतच नाही. पाणीही फारसं खारट नाही, लिटरला 7 ग्रॅमच्या आसपास मीठ. महासागरात ते 35 असतं.

या उपसागराचं सोनं म्हणजे तृणमणी. घासला की गवताची काडी ओढून घेतो, म्हणून आपल्याकडे त्याला हे नाव. सुमारे चार कोटी वर्षांपूर्वीच्या जंगलातला हा चीक, उपसागराहून कितीतरी म्हातारा. त्याचा मुख्य साठा सांबियाच्या निळसर मातीत. बर्फाने आणि वितळपाण्याने तो तिथून उचलून सगळीकडे विखुरला. पाण्याहून तो अगदी थोडा जड असतो. त्यामुळे तळाशी पडून राहतो, पण वादळात सहज उठतो आणि शेवाळ व काड्यांच्या गुंत्यात अडकून किनाऱ्याला लागतो. वादळानंतरच्या रात्री लोक जांभळट किरणांचे टॉर्च घेऊन ती ओली काळी रेघ धुंडाळतात. त्या उजेडात तृणमणी पिवळट-निळा चमकतो. नीरोच्या काळात रोमहून खास माणूस यासाठी इथवर आला होता, आणि ग्दान्स्कमध्ये तृणमणी कारागिरांचा संघ 1477मध्ये स्थापन झाला. रशियन भाषेत याला ‘यांतार’ म्हणतात. कालिनिनग्रादच्या गोदीचं नावही तेच. भारतीय नौदलाच्या ‘तेग’, ‘तरकश’, ‘त्रिकंड’ आणि 2024मध्ये दाखल झालेली ‘तुशील’ या युद्धनौका त्याच यांतार गोदीतल्या.

आता त्या केंपांकडे आणि दऱ्यांकडे. पहिल्या महायुद्धानंतर पोलंडला किनारा मिळाला, पण ग्दान्स्क मिळालं नाही. ते स्वतंत्र शहर ठरलं. 10 फेब्रुवारी 1920 रोजी जनरल युझेफ हालर यांनी पुत्स्कला गोठलेल्या काठावरून समुद्रात अंगठी टाकून देशाचं समुद्राशी लग्न लावलं. अंगठी झाली, बंदर कुठे? ते शोधायचं काम अभियंता तादेउश व्हेंदा यांच्याकडे आलं. त्यांनी ग्दिनिया या कोळ्यांच्या खेड्यावर बोट ठेवलं. त्यांची कारणं वाचताना हिमयुगाचा धडा वाचतोय असं वाटतं: समोर हेलचा आडोसा, काठाजवळच खोल पाणी, आणि दोन उंचवट्यांच्या मध्ये सखल दरी, जिथे पीटच्या मऊ जमिनीत गोदीची कुंडं खणता येतील. वितळपाण्याने कोरलेल्या दरीत बंदर झालं. 1926मध्ये ग्दिनियाला शहराचा दर्जा मिळाला आणि दहा-पंधरा वर्षांत ते बाल्टिकमधल्या सर्वांत गजबजलेल्या बंदरांत जाऊन बसलं.

1 सप्टेंबर 1939च्या पहाटे ग्दान्स्कच्या बंदरातून ‘श्लेस्विग-होल्श्टाइन’ या जर्मन युद्धनौकेने वेस्टरप्लाटवर मारा केला. वेस्टरप्लाट म्हणजे विस्तुलाच्या गाळाने सतराव्या शतकात वर आणलेली वाळूची पट्टी. तिथली पोलंडची दोनेकशे माणसांची तुकडी सात दिवस लढली. हेलचा दांडा 2 ऑक्टोबरपर्यंत. त्याच युद्धाने पूर्व पोलंडमधून सैबेरियात हाकललेली हजारो माणसं पुढे 1943 ते 1948 या काळात आमच्या कोल्हापूरजवळ वळिवड्याच्या छावणीत राहिली. ती काही या काठावरची नव्हती. तरी आमच्या भागातल्या कोणाला पोलंड म्हटलं की आधी वळिवडं आठवतं, म्हणून हा उल्लेख टाळवला नाही.

नदीचं काम अजून चालूच आहे. 1840च्या हिवाळ्यात विस्तुलाच्या मुखात बर्फाचे तुकडे साचून बांध झाला, पाणी तुंबलं, आणि एका रात्रीत नदीने गुर्कीजवळची वाळूची टेकडी फोडून समुद्राला नवी वाट काढली. कवी विन्सेंती पोल यांनी त्या मुखाला ‘धाडसी विस्तुला’ म्हटलं आणि तेच नाव राहिलं. पुराच्या भीतीने 1895मध्ये श्विब्नो इथे माणसांनी तिला सरळ कालवा खणून दिला, आणि तेव्हापासून तिचा मुख्य प्रवाह तिथून जातो.

या नव्या मुखाशी सव्वाशे वर्षांत गाळाची नवी बेटं वर आली आहेत. पुत्स्कच्या काठी झुत्सेवो इथे साडेचार-पाच हजार वर्षांपूर्वी सील मारून जगणाऱ्या, तृणमणी घासून मणी करणाऱ्या लोकांची वस्ती होती. विसाव्या शतकात शिकारीने आणि प्रदूषणाने सील इथून जवळजवळ नाहीसे झाले. हेलच्या सागरी संशोधन केंद्राने त्यांना परत आणायचं काम हाती घेतलं. आता वारा पडलेल्या दिवशी श्विब्नोच्या त्या कोवळ्या वाळूवर करडे सील ओळीने पडलेले दिसतात, नदीकडे पाठ आणि समुद्राकडे तोंड करून.