डाग न धरणारं कार्पेट घेतलंय? मग धुण्याआधी हे वाचा

आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

फोनवर आम्हाला सगळ्यांत जास्त ऐकू येणारं वाक्य एकच आहे. "अहो, दुकानदारानं सांगितलं होतं, याच्यावर डाग पडत नाही. मग हा कसा पडला?" प्रश्न रास्त आहे. चांगले पैसे मोजून कार्पेट घेतलेलं असतं, आणि दुकानदारही बहुतेक वेळा खोटं बोललेला नसतो. त्यानं अर्धीच गोष्ट सांगितलेली असते. उरलेली अर्धी आम्ही इथे लिहितोय, कारण ती माहीत नसल्यामुळे चांगली कार्पेटं धुण्यातच खराब झालेली आम्ही पाहिली आहेत.

रुमाल टाकून धरलेली जागा

नायलॉनच्या धाग्याला रंगाची ओढ असते. त्याच्या रेणूंना अशा जागा असतात, जिथे अ‍ॅसिड डाय जातीचा रंग येऊन घट्ट बसतो. नायलॉनचं कार्पेट कारखान्यात रंगवतात ते बहुतेक याच रंगांनी. आणि गुलाबाच्या सरबतात, लाल-केशरी थंड पेयांत, बर्फाच्या गोळ्यावर ओतायच्या पाकात जो खाण्याचा रंग असतो, तोही याच घराण्यातला. त्यामुळे साध्या नायलॉनवर सरबत सांडलं की ते कार्पेट त्या जागी नव्यानं रंगवलंच जातं. डाइंगमध्ये उभी हयात घालवलेली माणसं आपल्या सोलापुरात घरोघरी आहेत, त्यांना हे वेगळं सांगायला नको. एकदा पक्का बसलेला रंग साबणानं निघत नाही.

1986 साली अमेरिकेतल्या ड्यूपॉन्ट कंपनीनं स्टेनमास्टर नावाचं कार्पेट बाजारात आणलं आणि हे चित्र पालटलं. युक्ती अशी, की नायलॉनच्या त्या मोकळ्या जागांवर कारखान्यातच एक रंगहीन द्रव्य बसवून टाकायचं. एसटी फलाटाला लागली की खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात ना, तसंच. सरबताचा रंग येतो, त्याला जागा मिळत नाही, आणि तो पाण्याबरोबर उतरून जातो. थोड्याच काळात दुसऱ्या कंपन्यांचीही अशी कार्पेटं आली.

याच्या जोडीला दुसरा एक थर असतो, तो तेल-पाणी अंगावर टिकू न देणारा. त्याची गोष्ट आणखी जुनी आहे. 1953 साली थ्रीएम कंपनीच्या प्रयोगशाळेत एक रसायन चुकून एकीच्या कापडी बुटावर सांडलं. ते कशानंही निघेना, पण त्या जागी पाणीही मुरेना आणि तेलही. पॅट्सी शर्मन आणि सॅम स्मिथ या दोघांनी त्याचा माग काढला, आणि 1956 पासून ते स्कॉचगार्ड म्हणून विकलं जाऊ लागलं.

थोडं विषयांतर, पण सोलापूरकरांना सांगावंसं वाटतं. अमेरिकेतल्या कार्पेटधंद्याची राजधानी म्हणजे जॉर्जिया राज्यातलं डाल्टन. तो धंदा उभा राहिला तो पलंगावरच्या चादरींतून. कॅथरीन इव्हान्स नावाच्या मुलीनं हातानं गुंफलेल्या चादरी विकायला सुरुवात केली, घरोघरच्या बायका ते काम शिकल्या, मग त्यासाठी यंत्रं आली, आणि त्याच यंत्रांचा पन्हा वाढवून पुढे कार्पेट निघू लागलं. चादरीच्या गावात बसून कार्पेट धुणाऱ्या आम्हाला ही गोष्ट फार जवळची वाटते.

आमचं काम कसं बदललं

पूर्वी या धंद्यात कडक रसायनाला मान होता. जितका जोरदार सोडा, तितका मळ सुटणार, असा साधा हिशेब होता आणि त्या कार्पेटांना तो बऱ्यापैकी चालूनही जायचा. डाग-रोधक कार्पेटाला तो चालत नाही. त्या धरलेल्या जागांवरचे रुमाल जोरदार क्षारानं सैल होतात. पीएच म्हणजे आंबटपणा-क्षारपणा मोजायचं माप. ते 0 ते 14 असतं, 7 म्हणजे मध्य. पुढे एक अंक चढला की क्षारपणा दहापट होतो. डाग-रोधक नायलॉनवर 10 च्या वरचं काही वापरायचं नाही, हा या धंद्यातला आता सर्वमान्य नियम आहे. धुण्याच्या सोड्याचं पाणी 11 च्या आसपास जातं. बादलीत मूठभर सोडा टाकताना हे कुणाच्या मनातही येत नाही.

हे आम्ही पुस्तकातून शिकलो नाही. सुरुवातीच्या काळात शहरातल्या एका ऑफिसचं नायलॉनचं कार्पेट आम्ही नेहमीच्या कडक पावडरीनं धुतलं. दिसायला काम सुरेख झालं, साहेब खूश. तीन महिन्यांनी बोलावणं आलं. खुर्च्यांमध्ये एका जागी लाल सरबत सांडलं होतं. शिपाईदादांनी लगेच टिपलंही होतं, तरी रंग आत गेला होता. त्याच कार्पेटाचा एक तुकडा कपाटाखाली होता, तिथे आमचं पाणी पोहोचलं नव्हतं. तिथे आम्ही मुद्दाम तेच सरबत दोन थेंब टाकून पाहिलं, तर ओल्या फडक्यानं साफ निघालं. एकाच कार्पेटाच्या दोन जागा, मध्ये जेमतेम चार फूट अंतर. चूक आमची होती. ती आम्ही त्यांना सांगितली आणि तेवढा भाग आमच्या खर्चानं बदलून दिला. त्या दिवसापासून पीएचच्या पट्ट्या आमच्या पेटीत कायम असतात.

आता आम्ही आलो की आधी अर्धा तास नुसते बघतो, विचारतो, कोपऱ्यात थेंब टाकून पाहतो. काही ग्राहकांना वाटतं, हे वेळ काढतायत. पण खरं काम तिथेच ठरतं. त्यानंतर कोरडी धूळ ओढून घेणं, सौम्य द्रावण फवारणं, गरम पाणी मारून त्याच क्षणी यंत्रानं परत खेचणं, आणि शेवटी सौम्य आंबट पाण्याचा हात, म्हणजे धाग्यात क्षार उरत नाही. आपल्याकडच्या बोअरच्या जड पाण्यात साबण नीट सुटत नाही आणि उरलेला चिकटपणा आठ दिवसांत धूळ ओढतो. म्हणून शेवटच्या हाताला आम्ही पाणी आमचंच आणतो. नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येणाऱ्या घरात तुमचं साठवणीचं पाणी मागणं आम्हाला बरोबरही वाटत नाही.

घरी काही करणार असाल तर दोन गोष्टी मात्र कटाक्षानं टाळा. कपडे मऊ करायचं द्रव कार्पेटावर ओतू नका. त्यातल्या द्रव्यांचा विद्युतभार डाग-रोधकाच्या उलट असतो, ती त्याला चिकटतात आणि वर मळ-रंग ओढून घेतात. आणि कपड्यांची पावडर नको. कपडे पांढरे दिसावेत म्हणून तिच्यात जे चमक देणारं द्रव्य असतं, ते कार्पेटात राहून उन्हानं पिवळं पडतं. तो पिवळेपणा आम्हालाही काढता येत नाही.

हळदीचं काय?

सोलापुरात राहून हळदीबद्दल वेगळं लिहिलं नाही तर हे पत्रक अपुरंच. परदेशी कंपन्यांनी चाचण्या घेतल्या त्या लाल सरबतावर. आपल्याकडे सांडतं ते कालवण, पिठलं, आणि लग्नघरात तर वाटीभर ओली हळद. हळदीतला कर्क्युमिन हा रंग अ‍ॅसिड डायच्या जातीचा नाही. त्याला त्या धरलेल्या जागा लागतच नाहीत. तो सरळ धाग्यात शिरतो. म्हणून डाग-रोधक नायलॉन हळदीपुढे हतबल आहे, मग किंमत कितीही असो. कडकडीत गरम चहाचंही थोडं असंच आहे, कारण उष्णतेनं धागा सैल होतो.

गेल्या लग्नसराईत होटगी रोडला एका घरी गेलो होतो. दारातच काकू म्हणाल्या, "बघा की हो, पिवळा डाग होता, मी घासला तर लाल झाला!" विचारलं, "काकू, सोडा घातलात का?" त्यांनी घातला होता. हळद क्षाराला भेटली की लाल होते. हळदीला चुना लावून कुंकू करतात ते याच गुणामुळे. घाबरायचं कारण नाही. पाण्यात थोडा पांढरा व्हिनेगर घालून टिपलं की लाल परत पिवळा होतो. पण सोड्यानं धाग्यावरचं डाग-रोधक सैल झालेलं असतं आणि घासल्यानं पाइल, म्हणजे कार्पेटाचे उभे धागे, विसकटलेली असते, ते मागे फिरत नाही.

हळद पडली तर आधी ती चमच्यानं बाहेरून आत अशी उचला, पसरू देऊ नका. मग गार पाणी आणि भांडी घासायच्या साबणाचा एखादा थेंब, पांढऱ्या कापडानं टिपत राहा. पिवळी झाक उरेल. कार्पेट सुटं असेल तर तो भाग दोन-तीन दिवस सकाळचं ऊन लागेल असा ठेवा. कर्क्युमिन उजेडाला टिकत नाही, आपलं ऊन इथे कामाला येतं. पण दिवसभर मे महिन्याच्या उन्हात तापवू नका, मूळ रंगही विटेल. तरीही झाक राहिलीच तर आम्हाला बोलवा. त्यासाठी लागणारं पेरॉक्साइड हे रंग उडवणारं रसायन प्रत्येक रंगाला सोसत नाही, ते आधी कोपऱ्यात तपासावं लागतं.

तुमचं कार्पेट नेमकं कशाचं आहे?

हे बिलावर किंवा मागच्या लेबलवर असतं. लेबल फाडून टाकू नका. ते नसेल तर कडेचे चार धागे कापा आणि भांड्याच्या साबणाचा थेंब घातलेल्या पाण्याच्या ग्लासात बोटानं दाबून सोडा. वर तरंगले तर पॉलिप्रॉपिलीन. बुडाले तर नायलॉन, पॉलिएस्टर किंवा लोकर, त्यातलं नेमकं कोणतं ते आम्ही येऊन सांगू.

बाजारात मिळणारी मशीनवरची पुष्कळ कार्पेटं पॉलिप्रॉपिलीनची असतात. त्यांना रंग वितळलेल्या प्लास्टिकमध्येच मिसळलेला असतो, बाहेरच्या रंगाला बसायला जागाच नसते. सरबत, शाई यांना ती छान तोंड देतात. पण तेलाशी त्यांचं सख्य आहे. शेंगाचटणीचं तेल, डोक्याचं तेल, अनवाणी पायांचा ओशटपणा त्यांच्यावर बसतो आणि त्यावर धूळ. शिवाय जड कपाट जोरात ओढलं तर घर्षणाच्या उष्णतेनं धागा वितळून चकचकीत पट्टा पडतो, तो कायमचा.

लोकरीच्या हातगाठीच्या गालिच्याला मात्र यातलं काही लावू नका. घरातलं ब्लीच लोकर अक्षरशः विरघळवतं.

सांडल्यावर पहिली दहा मिनिटं

डाग-रोधक म्हणजे वेळ मिळतो. डागच पडणार नाही, असं ते वचन नाही. सरबत अंगावर घेऊन रात्रभर बसायची ताकद त्याच्यात नसते.

पांढरा टर्किश टॉवेल घ्या, त्याची आपल्या गावात वानवा नाही. रंगीत नको, त्याचा रंग उतरेल. घडी करून डागावर ठेवा आणि त्यावर उभे राहा. हो, चक्क उभे राहा, वजनानं जेवढं ओढलं जातं तेवढं हातानं होत नाही. टॉवेलची बाजू बदला, पुन्हा उभे राहा. मग अर्धी वाटी साधं पाणी, पुन्हा टॉवेल. टॉवेल कोरडा निघेपर्यंत हेच. घासू नका. निम्मे फोन एवढ्यानंच वाचतात, आणि ते वाचलेले आम्हाला आवडतात.

डाग दिसत नाही, पण मळ असतो

डाग-रोधक कार्पेटामुळे झालेला सगळ्यांत मोठा तोटा आम्हाला हा वाटतो. डाग दिसत नाही म्हणून लोक कार्पेट धुवायचंच सोडतात. पूर्वी वर्षाला बोलवायचे, आता चार वर्षांनी बोलावतात, तेव्हा दारापासून सोफ्यापर्यंत काळपट वाट पडलेली असते. सोलापूरची उन्हाळ्यातली धूळ सगळ्यांना ठाऊक आहे. तिच्यातले बारीक खडे धाग्याच्या बुडाशी बसतात आणि प्रत्येक पावलाला धागा खरवडतात. खरवडलेला धागा उजेड नीट परतवत नाही, म्हणून धुतल्यावरही ती वाट मंद दिसते. हा मळ नव्हे, ही झीज आहे, आणि झीज धुऊन जात नाही. दाराबाहेर आणि दाराआत अशी दोन पायपुसणी ठेवा, आठवड्यातून दोनदा व्हॅक्यूम फिरवा आणि 12 ते 18 महिन्यांनी एकदा नीट धुऊन घ्या.

वरून पुन्हा लेप मारून घ्यावा का?

पाण्याचा थेंब कार्पेटावर सोडा. मोत्यासारखा उभा राहिला तर तेल-पाणी अडवणारा थर शाबूत आहे, लगेच मुरला तर गेला. धुतल्यावर नवा लेप मारून देणं हा आमच्या धंद्यातला कमाईचा भाग झालाय, तरी आम्ही तो प्रत्येकाला सुचवत नाही. या लेपांतली फ्लोरिनची रसायनं निसर्गात लवकर मोडत नाहीत. थ्रीएमनंच 2000 साली स्कॉचगार्डमधलं जुनं रसायन बंद करत असल्याचं जाहीर केलं, आणि 2022 मध्ये या कुळातल्या सगळ्याच रसायनांचं उत्पादन 2025 अखेर थांबवायचं ठरवलं. रांगतं बाळ असलेल्या घरी आम्ही लेप मारत नाही, मागितला तरी. हॉटेलच्या जेवणघरासाठी फ्लोरिन नसलेला पर्याय आहे. तो तेलाला तेवढा अडवत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

आम्ही येण्याआधी

लग्न किंवा गड्ड्याच्या जत्रेला पाहुणे येणार असतील तर आदल्या दिवशीची वेळ घेऊ नका, निदान तीन दिवस हाताशी ठेवा. उन्हाळ्यात कार्पेट पाच-सहा तासांत वाळतं, पावसाळ्यात पूर्ण दिवस जातो, आणि कार्पेट फार वेळ ओलं राहिलं तर बुडाच्या तागाचा तपकिरी रंग वर येऊ शकतो. काय सांडलं, कधी सांडलं आणि त्यावर घरी काय काय लावलं, हे एका कागदावर लिहून ठेवा. सोडा लावला असेल तर तेही मोकळेपणानं लिहा, आम्ही कुणाला रागावत नाही. त्या कागदावरूनच पहिलं रसायन कोणतं काढायचं ते ठरतं.