तारणाची हाक आणि मनाचा नकार

१० फेब्रुवारी १८९५ रोजी कवी नारायण वामन टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा, म्हणजे ख्रिस्ती धर्माची दीक्षा, घेतला आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळलं. पुढची काही वर्षं त्या नवऱ्यापासून दूर, नातलगांच्या आधारानं राहिल्या. ख्रिस्ताची अमुक शिकवण पटत नाही, अशी त्यांची तक्रार नव्हती. सोवळं, माहेर, जात, सगळं एका फटक्यात तुटणार, हे त्यांना सोसवत नव्हतं.

‘पापी आहेस, पश्चात्ताप कर, तारण (पापातून सुटका) होईल’ या मिशनऱ्यांच्या हाकेला माणसं पाठ का फिरवतात? उपदेशक म्हणतात, मन कठोर आहे. विरोधक म्हणतात, बुद्धी शाबूत आहे. मला दोन्ही उत्तरं अपुरी वाटतात.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जॅक ब्रेम यांनी १९६६ मध्ये ‘रिॲक्टन्स’ची कल्पना मांडली. निवडीचं स्वातंत्र्य कुणी हिरावतंय असं वाटलं, की माणूस तेच स्वातंत्र्य घट्ट धरतो. मग सांगणं खरं की खोटं हा प्रश्न मागे पडतो, दडपण तेवढं जाणवतं. १८५७ मध्ये मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर हिंदू धर्माची बाजू मांडणारे विष्णुबुवा ब्रह्मचारी आणि मिशनरी यांचे जाहीर वाद झाले. चारचौघांत, आपल्या माणसांदेखत ‘तुमचं पटलं’ म्हणणं किती अवघड!

त्याहून मोठं कारण नात्यांचं. जॉन लोफलंड आणि रॉडनी स्टार्क या समाजशास्त्रज्ञांनी कोरियातून अमेरिकेत आलेल्या एका नव्या पंथाचा अभ्यास १९६५ मध्ये प्रसिद्ध केला. पंथातल्या माणसांशी जिव्हाळा जुळला आणि बाहेरचे धागे सैल असले, तरच लोक आत टिकत होते. बाहेर भरलेलं घर असेल तर नुसतं तत्त्वज्ञान कमी पडे. ख्रिस्ती घरातल्या मुलाला चर्च सोडताना जड जातं, तेही याचमुळे.

लक्ष्मीबाई नगरला टिळकांकडे परतल्या त्या आपलं सोवळं सांभाळूनच. आधी शिवाशिवीची भिंत त्यांच्या मनातून पडली, बाप्तिस्मा नंतर आला.

टिळकांनाही ही गाठ उमगली असावी. १९१७ मध्ये मिशनचा पगार सोडून त्यांनी ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा मेळा उभारायला घेतला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या, दोन्ही ख्रिस्तभक्तांना जागा होती.