व्हॅलिरिया आणि एगॉनचं राज्य: एक फ्रीहोल्ड, एक भाडेपट्ट्याचं

आमच्या नेरुळच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत तीन विषय ठरलेले: पाण्याची टाकी, पार्किंग आणि फ्रीहोल्ड. पहिले दोन भांडून संपतात, तिसरा संपतच नाही. नवी मुंबईत सिडको या सरकारी महामंडळाची जमीन ६० वर्षांच्या भाडेपट्ट्यावर मिळते, त्यामुळे ‘जमीन आपली कधी होणार’ हा प्रश्न इथे घराघरात असतो. फ्रीहोल्ड म्हणजे जमीन कायमची आपल्या मालकीची, हे इथल्या शाळकरी पोरांनाही कळतं.

मागच्या सभेला भाचा माझ्यासोबत आला होता. वडे संपवून घरी निघालो, तर विचारतो, “मावशी, व्हॅलिरियाने वेस्टेरॉस जिंकलं तेव्हा त्यांचा राजा एगॉनच होता ना?” एका वाक्यात दोन चुका. पण दोष त्याचा नाही. ‘गेम ऑफ थ्रोन्स’ मालिका बघून या काल्पनिक जगात शिरलेल्या बहुतेकांचा हाच घोळ असतो. व्हॅलिरिया म्हणजे त्या जगातलं पूर्वेकडचं ड्रॅगनवाल्यांचं जुनं राज्य, आणि वेस्टेरॉस हा समुद्रापलीकडचा पश्चिमेचा खंड.

व्हॅलिरियाने वेस्टेरॉस कधीच जिंकलं नाही. आणि व्हॅलिरियाला राजा कधी नव्हताच.

घोळ होतो कशामुळे, ते सांगणं सोपं आहे. दोन्हीकडे ड्रॅगन, दोन्हीकडे रुपेरी केस आणि जांभळे डोळे, दोन्हीकडे तीच जुनी भाषा. मालिकेत एगॉनच्या घराण्यातली टार्गेरियन मंडळी उठता-बसता व्हॅलिरियाचं नाव घेतात. त्यामुळे एकच साम्राज्य आधी तिकडे होतं आणि मग इकडे सरकलं, असं वाटून जातं. हे जग रचणाऱ्या जॉर्ज आर. आर. मार्टिनने मात्र दोन्हींत चांगलं शंभरेक वर्षांचं अंतर ठेवलंय आणि मधे एक समुद्रही.

व्हॅलिरियाचं अधिकृत नावच होतं ‘फ्रीहोल्ड’. पुस्तकातला शब्द आहे, माझा नाही. ज्याच्या नावावर स्वतःची जमीन, त्याला कारभारात आवाज, अशी ती व्यवस्था. सिंहासन नाही, मुकुट नाही. कधी गरज पडली तर आपल्यातलाच एखादा आर्कन, म्हणजे प्रमुख, निवडायचा, तोही ठरावीक काळापुरता. नियम असा असला तरी खरा जोर ड्रॅगन बाळगणाऱ्या चाळीस घराण्यांचा. त्यांची आपापसांत सतत चढाओढ. टार्गेरियन हे त्या चाळिसांतलं एक घराणं, आणि त्यातही फारसं वजनदार नव्हे. आमच्या सभेत हाताशी नुसत्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या असतात तरी शेवट कसा होतो ते मला माहीत आहे. चाळीस घरांत प्रत्येकाच्या दारी ड्रॅगन, ही कल्पनाच करवत नाही.

‘आवाज’ हा शब्द ऐकून कुणाला ते लोकराज्य वाटेल, तर तसंही नाही. जमीनवाल्यांच्या खाली गुलामांची अख्खी दुनिया होती. चौदा ज्वालामुखींच्या पोटातल्या खाणींत गुलाम सोनं-चांदी काढत आणि तिथेच मरत. खाणींना माणसं लागतात, माणसं आणायची तर नवा मुलुख मारायचा. व्हॅलिरियाच्या स्वाऱ्यांमागचं हे गणित मला महत्त्वाचं वाटतं. त्यांना जिंकलेले लोक प्रजा म्हणून फारसे नको होते, मजूर म्हणून हवे होते.

म्हणून त्यांच्या विजयानंतर मागे काही उरत नसे. जुन्या घिस साम्राज्याशी त्यांची पाच युद्धं झाली. पाचव्यानंतर घिसच्या भिंती पाडल्या, रस्ते आणि घरं ड्रॅगनच्या आगीत राख केली, शेतांत मीठ, गंधक आणि कवट्या पेरल्या. आपल्याकडे गाढवाचा नांगर फिरवणं म्हणतात, त्याच्याही पुढची पायरी. पुढे रोइन नदीकाठच्या शहरांची पाळी आली. राजपुत्र गॅरिनने अडीच लाखांची फौज उभी केली, व्हॅलिरियाने तीनशे ड्रॅगन सोडले. वाचले ते निमेरिया नावाच्या राणीमागोमाग गलबतांत बसून समुद्रपार गेले आणि वेस्टेरॉसच्या दक्षिण टोकाला, डॉर्नमध्ये उतरले. हे डॉर्न लक्षात ठेवा.

मग एका दिवसात व्हॅलिरिया संपलं. ते चौदाही ज्वालामुखी फुटले आणि भूमीच फाटली. टार्गेरियन वाचले ते केवळ एका मुलीच्या स्वप्नामुळे. डेनिस नावाच्या या मुलीला विनाश आधीच दिसला होता. तिच्या वडिलांनी, एनारने, त्यावर विश्वास ठेवून सगळा बारदाना गुंडाळला आणि पाच ड्रॅगन घेऊन ड्रॅगनस्टोन या पश्चिमेकडच्या दूरच्या ठाण्यावर मुक्काम हलवला. विनाशाच्या १२ वर्षं आधीची ही गोष्ट. बाकीची घराणी तेव्हा त्यांना हसली असणार, हा आपला माझा अंदाज.

वेस्टेरॉसवर चालून गेला तो या निर्वासितांचा वंशज, एगॉन. सोबत दोन बहिणी, ज्या त्याच्या बायकाही होत्या, आणि तीन ड्रॅगन. तीनशे कुठे आणि तीन कुठे! त्या तिघांतही खुद्द व्हॅलिरियात जन्मलेला एकटा बॅलेरियन. व्हेगार आणि मेराक्सिस ड्रॅगनस्टोनवरच अंड्यातून बाहेर आले होते.

एगॉनला व्हॅलिरियाचा वारस म्हणणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट बघावी. विनाशानंतर व्होलांटिस या शहराने जुनं साम्राज्य पुन्हा उभं करायचा घाट घातला होता. त्या वेळी एगॉन बॅलेरियनवर बसून लिस शहराकडे उडाला आणि त्याने आरमार जाळलं ते व्होलांटिसचंच. व्हॅलिरिया परत आणायला निघालेल्यांच्या विरुद्ध बाजूला तो उभा होता. मग त्याने पूर्वेकडे पाठ फिरवली आणि पश्चिमेची वाट धरली.

आणि तिकडे गेल्यावर पहिल्यांदा काय केलं? निशाण घेतलं! लाल रंगाचा तीन डोक्यांचा ड्रॅगन. हे निशाण व्हॅलिरियाची जुनी खूण म्हणून लोक सांगतात, पण तिथल्या ड्रॅगनवाल्यांत निशाण मिरवायची पद्धतच नव्हती. ती पद्धत वेस्टेरॉसच्या सरदारांची, एगॉनने त्यांच्याकडून उचलली. त्यांचा सप्तदेवांचा धर्मही त्याने मानला आणि ओल्डटाउनच्या धर्मगुरूंच्या हातून राज्याभिषेक करून घेतला. गुलामगिरी वेस्टेरॉसमध्ये निषिद्ध होती, ती तशीच राहिली.

जाळपोळ त्यानेही केली, ते नाकारून चालणार नाही. हॅरेनहॉलमध्ये राजा हॅरेन मुलांसकट होरपळला. एका रणांगणावर तिन्ही ड्रॅगन एकत्र सुटले आणि चार हजारांवर माणसं जळून मेली. पण दुसऱ्या दिवशी काय झालं ते बघा. त्याच लढाईतून निसटलेला पश्चिमेचा राजा लॉरेन लॅनिस्टर शरण आला आणि आपली गढी, मुलुख, सोन्याच्या खाणी सगळं राखून मोकळा झाला. फक्त ‘राजा’ची पदवी गेली. उत्तरेच्या टॉरेन स्टार्कने तर लढाईच केली नाही, गुडघे टेकले, आणि हजारो वर्षांची घराण्याची जागा तशीच टिकली. हायगार्डनमध्ये राजघराणंच उरलं नाही, तेव्हा तिथल्या कारभारी टायरेलांना मुलुख मिळाला. आपल्या भाषेत सांगायचं तर एगॉनने वतनं कायम केली. जमीन तुमची, पण माझ्या नावाने.

म्हणजे हे सरळसरळ लीजहोल्ड. उपमा ताणली तर फाटेल, कारण या सरदारांच्या भाडेपट्ट्याला ६० वर्षांची मुदत नव्हती. पण मालक कोण, या प्रश्नाचं उत्तर तसंच. भाच्याला हे सांगत होते तेव्हा शेजारचे तांडेल काका मागून येत होते. त्यांच्या घरची मिठागराची जमीन नवी मुंबई वसताना गेली, आणि बदल्यात साडेबारा टक्के जमीन देण्याची योजना आली. ते म्हणाले, “अरे, त्या स्टार्कला शंभर टक्के परत मिळालं! आम्हाला साडेबारा.” भाचा हसला. मला हसू आलं नाही, कारण काका गमतीने बोलत होते असं त्यांच्या चेहऱ्यावरून वाटत नव्हतं.

आता डॉर्न. एगॉनला सहा राज्यं मिळाली, सातवं मिळालं नाही. व्हॅलिरियाच्या आगीतून पळालेल्या लोकांचे वंशज तिथे राहत होते. ड्रॅगन आल्यावर किल्ल्यात कोंडून घ्यायचं नाही, वाळवंटात पांगायचं, हे त्यांनी ओळखलं होतं. हेलहोल्टच्या किल्ल्यावरून सुटलेला एक लोखंडी बाण मेराक्सिसच्या डोळ्यात घुसला, ड्रॅगन पडला आणि त्यावरची राणी रेनिसही गेली. डॉर्न कायमचं राज्यात आलं ते एगॉनच्या कालगणनेच्या १८७व्या वर्षी, लग्नसंबंध जोडून. शेवटचा ड्रॅगन मरून तोवर ३४ वर्षं झाली होती.

भाच्याला एवढं पटलं. घरात शिरताना त्याने विचारलं, “मग डेनेरिस कुणाची? व्हॅलिरियाची की एगॉनची?” प्रश्न चांगला होता. डेनेरिस ही मालिकेतली एगॉनची वंशज. तिला हवं असतं एगॉनचं सिंहासन, पण ड्रॅगन घेऊन ती आधी पोचते घिसच्या जुन्या किनाऱ्यावर, गुलामांच्या बाजारात. तिथे ती गुलामांना मोकळं करते, आणि हल्ल्याचा हुकूम देते तो व्हॅलिरियाच्या भाषेत.