फिल्टर कॉफीतली चिकोरी

माटुंग्याला कॉफी दळून देणाऱ्या जुन्या दुकानात गिऱ्हाईक आधी प्रमाण सांगतं. "पाव किलो द्या. पीबेरी अर्धी, प्लँटेशन अर्धी, चिकोरी वीस टक्के." काउंटरमागचा माणूस पीबेरी आणि प्लँटेशन या कॉफीच्या दोन प्रकारांच्या भाजलेल्या बिया दोन डब्यांतून तोलून यंत्रात ओततो आणि खाली पडलेल्या दळणात तिसऱ्या डब्यातली काळपट, हाताला जराशी चिकटणारी पूड मिसळतो. ही तिसऱ्या डब्यातली पूड म्हणजे चिकोरी. नव्या कॅफेंमधून कॉफीची गोडी लागलेली मंडळी तिला सरळ भेसळ म्हणतात. मला ते अजिबात पटत नाही. दक्षिणेतल्या फिल्टर कॉफीची चव जशी घडत गेली, त्यात या पुडीचा वाटा पहिल्यापासूनच मोठा आहे.

बाबा बुडन यांची कथा बहुतेकांनी ऐकलेली असते. सतराव्या शतकात हा सूफी संत हज यात्रेहून परतताना येमेनच्या मोखा बंदरातून कॉफीच्या सात बिया लपवून घेऊन आला आणि चिक्कमगळूरजवळच्या डोंगरात त्याने त्या पेरल्या. सात बियांचं खरंखोटं बाजूला ठेवू, पण तो डोंगर आजही बाबाबुडनगिरी म्हणूनच ओळखला जातो आणि तिथल्या अरेबिका जातीच्या कॉफीला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. पुढे बराच काळ कॉफी परसातलं झाड म्हणूनच राहिली. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी चिक्कमगळूर, कोडगू, वायनाड, निलगिरी इथली जंगलं तोडून मळे उभे केले. माल जायचा युरोपला. मळ्यात राबणाऱ्याच्या घरी त्यातलं फारसं काही पोचत नसे.

मग आला तांबेरा. १८६९ मध्ये श्रीलंकेच्या मळ्यांत पानांवर नारिंगी ठिपके दिसले आणि वीसेक वर्षांत तिथली कॉफी बसली. मळेवाल्यांनी कॉफी उपटून चहा लावला. दक्षिण भारतातही रोग पोचला, पण इथे कॉफी टिकली. कर्नाटकातल्या बाळेहोन्नूरला १९२५ मध्ये संशोधन केंद्र निघालं, रोगाला तोंड देणारे अरेबिकाचे वाण निवडले गेले, आणि सखल भागात रोबस्टा ही कॉफीची दुसरी जात लावली गेली. आज भारतात पिकणाऱ्या कॉफीत सुमारे ७० टक्के रोबस्टाच असते. रोबस्टा कडू आणि अंगाने जड असते, सुगंधात अरेबिकापेक्षा कमी, पण दुधात हरवत नाही. फिल्टर कॉफीला दूध इतकं का मानवतं, याचं थोडं उत्तर त्या तांबेऱ्यात आहे.

तमिळ घरांत कॉफी खऱ्या अर्थाने शिरली ती एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आणि विसाव्याच्या सुरुवातीला. त्याआधी सकाळची न्याहारी म्हणजे रात्री पाण्यात भिजवलेला भात. त्याची जागा कॉफीने घेतली तेव्हा वडीलधाऱ्यांनी, सुधारकांनी आणि नियतकालिकांनी चांगलाच ओरडा केला. बायकांना या पेयाचं व्यसन लागतंय, ही तक्रार तर वारंवार होई. सगळ्यात आधी कॉफी आपलीशी केली ती शहरी ब्राह्मण मध्यमवर्गाने, आणि तिच्याबरोबर 'ब्राह्मण हॉटेल'ही आलं, जिथे इतर जातींना वेगळं बसवलं जाई किंवा आत घेतलंच जात नसे. बाहेर वळलेल्या काठाचा टंबलर, म्हणजे कॉफीचा पेला, आपण आज कौतुकाने हातात धरतो. ओठ न लावता वरून घोट घेण्यासाठी तो काठ सोयीचा, आणि त्या सवयीमागे सोवळंओवळं होतं. १९५७ मध्ये जातिव्यवस्थेविरुद्ध लढणारे तमिळ नेते पेरियार यांच्या कार्यकर्त्यांनी मद्रासमध्ये हॉटेलच्या पाटीवरचा 'ब्राह्मण' शब्द काढायला लावण्यासाठी आंदोलन केलं. कॉफीच्या चवीबद्दल लिहिताना हा भाग गाळणं मला अप्रामाणिक वाटतं.

आता चिकोरी. निळ्या फुलांच्या एका झाडाचं हे मूळ. ते कापून, वाळवून, भाजून दळतात. त्यात कॅफिन नसतं. नेपोलियनने १८०६ मध्ये ब्रिटनची व्यापारी नाकेबंदी जाहीर केल्यावर युरोपात कॉफी मिळेनाशी झाली आणि फ्रेंचांनी हे मूळ जवळ केलं. ब्रिटिशांनाही या मिश्रणाची सवय होती. स्कॉटलंडमध्ये १८७६ पासून बनणाऱ्या 'कॅम्प' कॉफीच्या अर्कात चिकोरी असे, आणि त्या बाटलीवरचं चित्र हिंदुस्थानातल्या लष्करी छावणीचं होतं. आपल्याकडे चिकोरी पिकते ती गुजरातेत आणि उत्तर प्रदेशात, म्हणजे कॉफीच्या डोंगरांपासून फार दूर. कॉफीपेक्षा ती स्वस्त पडते हे खरंच. पण ती टिकली ती नुसत्या स्वस्ताईवर टिकली नाही.

हे कळायला फिल्टरसमोर, म्हणजे एकावर एक बसणाऱ्या दोन भांड्यांसमोर, बसावं लागतं. वरच्या भांड्यात तीन चमचे पूड घालायची, छत्रीसारखी चकती हलकेच दाबायची. जोरात दाबली तर पाणी उतरतच नाही. उकळी येऊन जरा निवलेलं पाणी गोल फिरवत ओतायचं आणि झाकण ठेवून द्यायचं. पंधरावीस मिनिटं काहीच घडत नाहीसं वाटतं, फक्त थेंब पडल्याचा बारीक आवाज येत राहतो. भाजलेल्या चिकोरीचा पाण्यात उतरणारा अंश कॉफीपेक्षा कितीतरी जास्त. त्यामुळे खालच्या भांड्यात जमणारं डिकॉक्शन काळंभोर आणि दाट होतं, आणि दुधात मिसळल्यावरही त्याचा रंग पिवळट न पडता तांबूस राहतो. चिकोरीने जळक्या साखरेसारखी गोडसर कडवट चव येते आणि घोट जिभेवर रेंगाळतो. शंभर टक्के कॉफीचं डिकॉक्शन करून बघा. सुगंध जास्त येईल, पण दूध घातल्यावर कॉफी पातळ वाटेल.

दुधाचा मान इथे मोठा. कुंभकोणमची 'डिग्री कॉफी' त्यावरूनच आली असं सांगतात. दुधात पाणी आहे का हे लॅक्टोमीटरच्या अंशांवर तपासायचे, त्या कसोटीला उतरलेल्या दुधाची कॉफी ती डिग्री कॉफी. पहिल्या धारेच्या डिकॉक्शनला डिग्री म्हणत, असंही कुणी म्हणतं. 'चिकोरी'चाच उच्चार बिघडून 'डिग्री' झालं, असं मानणारेही आहेत. मला दुधाची कथा जास्त पटते. कुंभकोणम तंजावरच्या भोसल्यांच्या राज्यातलं, म्हणून या कॉफीचं नातं मराठ्यांशी जोडायचा मोह आपल्याला होतो. पण ते राज्य १८५५ मध्ये संपलं, आणि तिथल्या घराघरांत कॉफी रुजली ती त्यानंतर.

मुंबईचा संबंध मात्र खराखुरा आहे. जागतिक मंदीत कॉफीचे भाव कोसळले, तेव्हा देशातच पिणारे वाढवावेत म्हणून १९३५ मध्ये कॉफीवर उपकर बसवून प्रचार सुरू झाला, आणि १९३६ मध्ये चर्चगेटला पहिलं इंडिया कॉफी हाउस उघडलं. माटुंग्यात दाक्षिणात्य वस्ती वाढत होती, तिथे उडुपी हॉटेलं आणि दळणाची दुकानं आली. आपल्या मराठी घरांतली जुनी कॉफी वेगळी: पूड आणि साखर दुधातच उकळायची, वर जायफळ किसायचं आणि गाळायची. डिकॉक्शन, टंबलर, त्याखालची वाटी म्हणजे दवरा, हे सगळं मराठी माणसाला भेटलं ते बहुतेक या हॉटेलांतच.

चिकोरीची बाजू घेताना एक गोष्ट मान्य करायलाच हवी. नियमाप्रमाणे कॉफी-चिकोरी मिश्रणात किमान ५१ टक्के कॉफी लागते, म्हणजे जवळजवळ अर्धा डबा चिकोरीचा असला तरी तो कायद्यात बसतो. पंधरा-वीस टक्क्यांपर्यंत चिकोरी कॉफीला आधार देते. तीसच्या पुढे गेलं की तोंडात जळक्या साखरेचीच चव उरते. प्रमाण पाकिटावर छापलेलं असतं, ते वाचूनच पाकीट उचलावं. माटुंग्याच्या दुकानात तो प्रश्न येत नाही. तुमचं प्रमाण तिथे तुमच्यासमोर तोलून मिळतं.