सोनोग्राफी नॉर्मल आली, मग फायब्रोस्कॅन कशाला?

हिपॅटायटिस बी किंवा सी जुना असेल आणि डॉक्टरांनी फायब्रोस्कॅन लिहून दिला, की घरचे विचारतात, "सोनोग्राफी तर झाली ना?" दोन्हीकडे जेल लावतात, प्रोब टेकवतात, त्यामुळे घोळ होणारच. पण सोनोग्राफीत लिव्हर दिसतं, तर फायब्रोस्कॅन त्याचा कडकपणा मोजतो.

व्हायरसची सूज वर्षानुवर्षं राहिली की लिव्हरमध्ये व्रणाचे तंतू साचत जातात. सुरुवातीचे तंतू सोनोग्राफीत दिसत नाहीत. लिव्हरची कड खडबडीत, प्लीहा मोठी, पोटात पाणी असं दिसेपर्यंत बराच उशीर झालेला असतो.

फायब्रोस्कॅनला उजवा हात डोक्याखाली घेऊन उताणं झोपायचं. बरगड्यांच्या फटीत प्रोब हलकी टिचकी मारतो. लिव्हर जितकं कडक, तितकी लहर वेगाने पळते. अशी किमान १० मापं घेऊन मधला आकडा किलोपास्कलमध्ये देतात. १२.५ च्या वर गेला तर सिरोसिसची, म्हणजे व्रणांनी लिव्हर पार कडक झाल्याची, दाट शंका. मात्र रिपोर्टवरचा आयक्यूआर, म्हणजे मापांमधली तफावत, मधल्या आकड्याच्या ३० टक्क्यांहून जास्त असेल, तर त्या आकड्यावर भिस्त ठेवू नये.

आणि ३ तास पोट रिकामं हवं. गावाहून पहाटेच्या एसटीने नागपुरात उतरलं की स्टँडवर तर्री-पोहे होतातच. जेवणाने लिव्हरचा रक्तपुरवठा वाढतो आणि आकडा उगाच फुगतो. एसजीपीटी (रक्ततपासणीतलं लिव्हरचं एन्झाइम) खूप चढलेलं असताना, म्हणजे नॉर्मलच्या पाचपटीवर, किंवा ताजी दारू पोटात असतानाही तेच होतं. पोटात पाणी असेल तर साध्या प्रोबने माप मिळतच नाही.

मशीन जवळ नसेल तर रक्ताच्या रिपोर्टवरून 'अ‍ॅप्री' हा अंदाजाचा आकडा काढता येतो: एसजीओटीला (हेही तसंच एन्झाइम) लॅबच्या वरच्या मर्यादेने भागा, १०० ने गुणा, प्लेटलेटच्या हजारांनी भागा. एसजीओटी ८०, मर्यादा ४०, प्लेटलेट ९० हजार: उत्तर २.२. दोनच्या वर म्हणजे सिरोसिसची शंका. आपल्या भागात एक खबरदारी फार महत्त्वाची. मलेरिया-डेंग्यूत प्लेटलेट पडतात, सिकलसेलमध्ये रक्तपेशी फुटून एसजीओटी चढतं. लिव्हरचा दोष नसताना अ‍ॅप्री वाढतो. तापातल्या रिपोर्टवर हे गणित करू नका. ताप उतरून प्लेटलेट भरल्या की पुन्हा तपासा.

फायब्रोस्कॅनला लिव्हरमधली कॅन्सरची गाठ मात्र दिसत नाही. म्हणून सिरोसिस ठरला की दर ६ महिन्यांनी सोनोग्राफी लागतेच, हिपॅटायटिस सी औषधांनी पूर्ण बरा झाला तरीही.